शौचधर्म आणि न्हाणीघराची फरशी

धर्मशास्त्राने शौच, म्हणजे शरीराची आणि परिसराची शुद्धी, प्रामुख्याने अंतराच्या आधारे सांभाळली. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मूत्र, पाय धुतलेले पाणी आणि उष्टे अन्न ही सारी राहत्या घरापासून दूर टाकावीत असे सांगितले आहे. आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या वास्तुविद्येवरील प्रकरणात घराच्या चार कोपऱ्यांची वाटणी करताना ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला भांडीकुंडी आणि वायव्येला धनधान्य असा क्रम लावला आहे. या चार कोपऱ्यांत शौचकूपाला जागा नाही, कारण तो घराच्या पोटात असू शकतो ही कल्पनाच त्या काळच्या घराला परकी होती. आज ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे नव्या सदनिकेचा ताबा घेताना किंवा जुन्या बाथरूमचे काम काढताना, संडास कोणत्या दिशेला असावा आणि त्याच्या फरशीचा रंग कोणता असावा याची तपशीलवार कोष्टके वास्तुशास्त्राच्या नावाने हाती पडतात. ती कितीही बारकाईने पाळली तरी त्यांमुळे एका मूळ प्रश्नाला बगल दिली जाते. ज्या धर्मपरंपरेने शुद्धी अंतरावर उभी केली, तिच्यात वाढलेल्या माणसाने साडेचारशे चौरस फुटांच्या घरात, जेथे देवघराची मागची भिंत हीच न्हाणीघराचीही भिंत असते, शुद्धी कशावर उभी करायची, हा तो प्रश्न आहे. व्यवहाराने त्याचे उत्तर टाइल्स असे दिले आहे, आणि ते उत्तर धर्मदृष्ट्या कितपत पुरेसे आहे याचा विचार येथे करायचा आहे.

हे उत्तर हळूहळू घडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. त्या रुळांच्या आधाराने पुढच्या शतकभरात येथे वाडे, चाळी आणि नंतर चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. चाळीतल्या खोलीला मोरी असे, म्हणजे कोपऱ्यातील दोन-तीन हात लांबीरुंदीची, वीतभर कठड्याने वेगळी काढलेली जागा, जिच्या तळाशी शहाबादी किंवा कडप्प्याची फरशी बसवलेली असे. आंघोळ, भांडी, धुणे हे सारे त्या मोरीत उरके. संडास मात्र चाळीच्या टोकाला, सामाईक असे, आणि भुयारी गटारे किंवा मैलाटाक्या येण्यापूर्वी तो टोपलीचा असे, ज्याच्या मागच्या अरुंद गल्लीतून मैला उचलून नेला जाई. धर्मशास्त्राने सांगितलेले अंतर राहत्या वस्तीत अशा रीतीने राखले जात होते, पण ते अंतर चालत जाणारे पाय घरमालकाचे नव्हते. एका विशिष्ट जातीत जन्मलेल्या स्त्रीपुरुषांनी ते डोक्यावर टोपली घेऊन चालावे अशी ती व्यवस्था होती, आणि तत्कालीन मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीला या कामगारांच्या राहणीची व कामाची स्वतंत्र चौकशी करावी लागली इतकी ती खोलवर रुजलेली होती. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करण्याची परवानगी मागितली, ती त्यांच्या जातीमुळे नाकारली गेली तेव्हा उपोषण केले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. शौच या शब्दाचा अर्थ दुसऱ्याच्या अंगावर टाकलेले अशौच असा होऊ नये यासाठी महाराष्ट्रात झालेला हा बहुधा सर्वांत निखळ धार्मिक प्रयत्न होता, आणि न्हाणीघराच्या फरशीचा कोणताही गंभीर विचार त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

सदनिकेत संडास घराच्या आत आला तेव्हा हे अंतर नाहीसे झाले आणि त्याची जागा पृष्ठभागाने घेतली. आरंभी सहा इंची पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्सचा कंबरेइतका डॅडो, म्हणजे भिंतीच्या खालच्या भागाला लावलेले टाइल्सचे आवरण, असे. पुढे तो सात फुटांपर्यंत चढला आणि आता छताला भिडला आहे. टाइलवर हा एवढा भरवसा का बसला, हे समजण्यासाठी धर्मशास्त्रातील द्रव्यशुद्धी हा विषय पाहावा लागतो. द्रव्यशुद्धी म्हणजे वस्तू विटाळल्यास ती पुन्हा वापरण्याजोगी कशी करावी याचे नियम; मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ते आले आहेत आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात शुद्धीचे सविस्तर विवेचन केले आहे. त्या नियमांत धातूचे भांडे राखेने व पाण्याने घासून शुद्ध होते, मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते, पण मलमूत्राचा किंवा मद्याचा स्पर्श झालेले मातीचे भांडे भाजूनही शुद्ध होत नाही. या भेदामागे वस्तूच्या सच्छिद्रतेचे निरीक्षण असावे असे मानण्यास जागा आहे : जे शोषून घेत नाही ते धुतले जाते, जे शोषून घेते ते टाकावे लागते.

टाइल ही मुळात मातीच आहे. गुजरातेतील मोरबी येथील कारखान्यांतून ठाणे-कल्याणच्या दुकानांत येणारी व्हिट्रिफाइड टाइल सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली जाते, तेव्हा मातीतील काही घटक वितळून काचेसारखे होतात आणि छिद्रे बुजतात. अशी टाइल आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. भिंतीसाठी विकली जाणारी साधी सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहूनही अधिक पाणी शोषू शकते आणि तिचे रक्षण केवळ पुढच्या बाजूचे चकचकीत आवरण करते, म्हणून तीच टाइल स्वस्त पडते या कारणाने जमिनीवर बसवणे चुकीचे ठरते. ज्या मातीला शास्त्राने मलमूत्राच्या बाबतीत असाध्य ठरवले होते, तिला भट्टीने धातूच्या पंक्तीला नेऊन बसवले, असे या बदलाचे वर्णन करता येईल. यावरून पूर्वजांना आधुनिक शास्त्र अवगत होते असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. त्यांनी रोजच्या भांड्यांकडे लक्षपूर्वक पाहिले होते, एवढेच म्हणणे योग्य आहे आणि ते पुरेसेही आहे. मात्र वस्तूंच्या बाबतीत डोळसपणे केलेला हा विचार माणसांना लावला गेला तेव्हा त्याचा अधर्म झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, त्यानंतर तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. वाहत्या-साचल्या पाण्याला माणसाच्या ओंजळीने डाग लागतो असे मानणाऱ्या समाजाने शुद्धीची कसोटीच हरवली होती.

शुद्धी हा पृष्ठभागाचा गुण नसून ती एक सतत करावयाची कृती आहे, ही दुसरी धारा त्याच परंपरेत आहे. पतंजलीने योगसूत्रांत शौच नियमांमध्ये, म्हणजे साधकाने स्वतः पाळावयाच्या व्रतांमध्ये घातले. आणि भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत शौच येते तेव्हा ज्ञानेश्वर त्याचे विवेचन करताना कापराचा दाखला देतात, जो आतबाहेर एकच असतो, आणि अंतःकरण मळलेले असताना केलेल्या बाह्य शुद्धीला ओसाड घरावर बांधलेल्या तोरणाची उपमा देतात. या दृष्टीने पाहता न्हाणीघराच्या टाइल्सची पहिली धार्मिक कसोटी अशी ठरते की त्या घाण दाखवतात की लपवतात. दुकानात गडद करड्या, काळपट किंवा संगमरवरी शिरांच्या टाइल्सची शिफारस बहुधा त्या मळखाऊ असतात या कारणाने केली जाते, म्हणजे मळ असला तरी तो दिसत नाही. ज्याला शौच हे व्रत मानायचे आहे त्याने हे कारण उलटे वाचले पाहिजे, कारण दिसणारा मळ निघतो आणि न दिसणारा साचत राहतो. शिवाय बोअरिंगचे किंवा टँकरचे जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत गडद चकचकीत टाइलवर क्षारांचे पांढरे ओघळ उमटतात आणि ते घालवण्यासाठी अॅसिडची बाटली आणली जाते. ते अॅसिड टाइलचे फारसे काही बिघडवत नाही, पण टाइल्सच्या मधल्या सांध्यांत भरलेले सिमेंट खाऊन टाकते, आणि पाणी त्या वाटेने खाली उतरू लागते. त्याच अॅसिडची वाफ बंद बाथरूममध्ये श्वासावाटे घेणारी व्यक्ती कोण असते, हेही विचारले पाहिजे.

हा शेवटचा प्रश्न निवडीच्या मुळाशी आहे. अनेक घरांत फरशी निवडणारा आणि फरशी घासणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. निवड कुटुंबप्रमुखाची किंवा इंटिरिअरवाल्याची असते, घासणे घरातील स्त्रीकडे, कामाला येणाऱ्या बाईंकडे किंवा सोसायटीच्या सफाई कामगाराकडे जाते, आणि संडास-बाथरूम धुण्याचे काम जातीच्या जुन्या सावलीतून अजून पुरते बाहेर आलेले नाही. खडबडीत टाइल घसरण्यापासून वाचवते, पण तिच्या खाचांत साबणाचा चिकटा बसतो आणि तो काढायला ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसावे लागते. गुळगुळीत टाइल पुसायला सोपी, पण ओल्या पायाखाली धोक्याची. येथे अहिंसा आणि श्रमांची न्याय्य वाटणी ही दोन मूल्ये खरोखरच एकमेकांच्या विरोधात उभी राहतात, आणि हा विरोध खोटा ठरवण्यापेक्षा त्यात प्राधान्य ठरवणे प्रामाणिक होय. वृद्ध माणसाचे खुब्याचे हाड मोडले तर ते बहुतेक वेळा उरलेल्या आयुष्याची दिशा बदलते, म्हणून जमिनीपुरते प्राधान्य न घसरण्याला द्यावे लागते. भिंतीवर मात्र चकचकीत टाइल निवडण्यास हरकत नाही, कारण तेथे पाय पडत नाही आणि हात सहज फिरतो. पृष्ठभाग किती घसरतो हे सांगणारी जर्मन प्रतवारी आर ९ पासून आर १३ पर्यंत जाते. तिच्यातील आर १० किंवा आर ११ च्या आसपासची, बारीक पोताची मॅट टाइल पायाला धरते आणि घासणाऱ्यालाही फार छळत नाही. जमिनीसाठी एक फूट बाय एक फूट हे जुने माप अजूनही शहाणपणाचे आहे, कारण नाहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीच्या तोंडाकडे, चारही बाजूंनी ढाळ द्यायचा तर चार फुटी टाइल वळत नाही. फरशी घासण्याची पाळी घरातल्या पुरुषावरही आळीपाळीने आली तर निवडीतील बरेच दोष दुकानातच दूर होतील, असे मानण्यास आधार आहे.

चित्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दुकानात भिंतीच्या टाइल्स डार्क, लाइट आणि हायलाइटर अशा संचांत दाखवल्या जातात. हायलाइटर म्हणजे मधल्या पट्ट्यात बसवायची नक्षीची टाइल, आणि तिच्यावर कमळ, मोरपीस, कधी ध्यानस्थ बुद्धाचा चेहराही असतो. तशाच भट्टीतून निघालेल्या आणि तशाच यंत्राने छापलेल्या गणपती, साईबाबा, येशू, काबा यांच्या टाइल्स मुंबई-ठाण्यातील इमारतींच्या जिन्यांत आणि कंपाउंडच्या भिंतींवर कोणी थुंकू नये म्हणून बसवलेल्या असतात. शास्त्राच्या काटेकोर भाषेत यांपैकी कशातही देवत्व नाही, कारण प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्रांनी मूर्तीत देवतेचे आवाहन करण्याचा विधी, झालेला नसतो. पूर्वमीमांसेतील शबरस्वामी तर देवतेला शरीर असते हेच नाकारतात. भक्तिपरंपरेतील विसोबा खेचरांची कथा आणखी पुढे जाते : औंढ्या नागनाथाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी, जेथे देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे नामदेवांना सांगितले आणि तशी जागा सापडली नाही. या आधारावर न्हाणीघरातही देवाचे चित्र निषिद्ध नाही असे कोणी म्हणू शकेल. पण विसोबांचा उपदेश नामदेवांच्या मनातील जागेविषयीच्या अहंतेला उद्देशून होता. दुसऱ्याच्या श्रद्धेविषयी बेपर्वा होण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या आंबेडकरांच्या बौद्ध धर्मप्रवेशानंतर ज्यांनी बुद्धाला शरण जाऊन नवे जीवन सुरू केले अशी असंख्य कुटुंबे कल्याण-उल्हासनगर-ठाणे परिसरात राहतात, आणि ज्या चेहऱ्याने त्यांना माणूसपणाचा मान परत दिला तो चेहरा शॉवरखालच्या सजावटीसाठी वापरणे हे, तो वापरणाऱ्याचा हेतू काहीही असो, अनुचित आहे. जिन्यातील टाइलचा हेतू चांगला असला तरी तिच्याने शौच साधत नाही, कारण ती काहीच स्वच्छ करत नाही; पिंक पुढच्या चित्रहीन कोपऱ्यात जाते आणि तो कोपरा झाडणाऱ्याचे काम होते तेवढेच राहते.

सदनिकेत आणखी एक नाते आहे, ज्याची जुन्या ग्रंथांना कल्पना नव्हती : वरच्या घराची जमीन हे खालच्या घराचे छत असते. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी संडास व सिंक यांमुळे सदनिकांमध्ये होणाऱ्या गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांवर टाकला आहे, आणि तरी जुन्या सोसायट्यांच्या सभांत सर्वांत कडवट वाद याच ओलाव्यावरून होतात. शतपथब्राह्मणात माणूस जन्मतः देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचे ऋण घेऊन येतो असे म्हटले आहे. मनुष्यऋण तेथे आतिथ्याने फेडायचे आहे, पण ज्याच्या डोक्यावर आपण रोज आंघोळ करतो त्याच्याशी असलेले नाते त्याच ऋणाच्या कक्षेत यावे. म्हणून खर्चाचा क्रम बदलणे हा धर्माचा भाग ठरतो. टाइल्सवर सढळ हात आणि वॉटरप्रूफिंगवर काटकसर ही सर्रास दिसणारी वाटणी आहे, आणि ती उलटी हवी. टाइल बसवण्यापूर्वी ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे व सिमेंटमाल यांचा थर, आणि त्यावरील रासायनिक लेप झाल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवावे, आणि तोवर खालच्या घरी जाऊन, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या छताकडे पाहावे. टाइल बसल्यावर ढाळ तपासण्यासाठी मिस्त्रीसमोरच बादलीभर पाणी दूरच्या कोपऱ्यात ओतावे आणि ते डबके न करता जाळीपर्यंत जाते का हे थांबून पाहावे.

या सर्वांच्या आधी मात्र जुनी फरशी फोडायची की नाही हे ठरवावे लागते. फोडलेल्या टाइल्सचा रॅबिट, म्हणजे मलबा, गोण्यांत भरून कोणीतरी चार मजले खाली उतरवतो, आणि मग तो बऱ्याचदा खाडीकाठच्या कांदळवनात किंवा रस्त्याच्या कडेला रात्री ओतला जातो. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी त्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर ठेवली. केवळ रंगाचा कंटाळा आला म्हणून धडधाकट फरशी उखडणे हे अपरिग्रहाच्या, म्हणजे गरजेपलीकडे न घेण्याच्या, तत्त्वाशी विसंगत आहे, जरी नवी फरशी कितीही पर्यावरणस्नेही म्हणून विकली जात असली तरी. खालच्या घरी ओल नसेल आणि जुन्या टाइल्सवर लाकडी दांड्याने ठोकताना सगळीकडे भरीव आवाज येत असेल, तर दाराच्या उंबऱ्याची उंची पाहून त्यांच्यावरच अॅडेसिव्हने नव्या टाइल्स बसवता येतात, किंवा नुसते सांधे कोरून इपॉक्सी ग्राउट भरले तरी पुष्कळ वर्षे काम भागते. आवाज पोकळ येत असेल किंवा खाली डाग पडला असेल, तर मात्र वरवरच्या मलमपट्टीचा मोह सोडून कोब्यापर्यंत फोडावे, आणि मलबा कोठे जाणार आहे हे ठेकेदाराकडून काम सुरू होण्याआधी लेखी घ्यावे.